तार तुटली तेव्हा कळलेल्या नऊ गोष्टी

२९ ऑक्टोबर २०११, शनिवार. अमेरिकेतल्या श्रूजबरीत येऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती. झाडांवरची लाल-पिवळी पानं अजून गळायची होती आणि अशातच दुपारनंतर बर्फ सुरू झाला. ओला, जड बर्फ. पानांवर तो साचत गेला, फांद्या वाकत गेल्या आणि रात्री अंगणातल्या मेपलची एक मोठी फांदी कडाडून खाली आली. लाइट गेली. पाठोपाठ इंटरनेट गेलं. मध्य मॅसॅच्युसेट्समधली कितीतरी घरं त्या रात्री अंधारात होती. दोष कोणाचाच नव्हता, अवेळी आलेल्या बर्फाचा होता.

माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. त्याच्या लॅपटॉपची बॅटरी भरलेली होती. वाढदिवसाला घेतलेला गेम त्यात आधीच उतरवून ठेवलेला होता, आणि तो खेळायचाही एकट्यानेच. तो खूश होता, कारण आज अभ्यासाची सक्ती नव्हती. त्याने गेम उघडला. पडद्यावर एक ओळ आली: इंटरनेट जोडलेलं नाही, पुन्हा प्रयत्न करा. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पाच वेळा केला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, गेम तर माझ्याच कॉम्प्युटरमध्ये आहे ना? मग तो कोणाला विचारतोय?"

शेवटी नवऱ्याने पुण्याहून आणलेल्या सीड्यांच्या पाकिटातून 'क्रिकेट ०७' काढला. २००६ साली निघालेला गेम. सीडी घरघरली, मैदान उजळलं आणि मेणबत्तीशेजारी बसून बापलेक बॅटरी संपेपर्यंत भारत-ऑस्ट्रेलिया खेळत राहिले.

माझं पोट सॉफ्टवेअर तपासण्यावर चालतं. तरीही मुलाच्या त्या प्रश्नाचं सरळ उत्तर मला देता आलं नाही. पुढे बरीच वर्षं मी त्या प्रश्नाच्या मागे राहिले. त्यातून जे हाती लागलं, ते इथे मांडते आहे.

१. तार कशासाठी मागितली जाते, हे आधी विचारावं

इंटरनेट मागणारे सगळे गेम सारखे नसतात. काही गेम बसवताना एकदाच विचारतात: ही प्रत खरी आहे का? उत्तर मिळालं की ते आपल्या वाटेने जातात. काही अधूनमधून विचारत राहतात, दिवसाला एकदा किंवा आठवड्याला एकदा. तिसरा प्रकार सगळ्यात जाचक. तो सुरू असेपर्यंत क्षणाक्षणाला कंपनीच्या सर्व्हरशी बोलत राहतो, आणि तुमची प्रगती, तुमची कमाई, कधी कधी खेळाचा काही भागसुद्धा तुमच्या घरात नसून तिकडे ठेवलेला असतो. तार तुटली की तो जागच्या जागी थांबतो.

कंपन्यांची कारणंही वेगवेगळी असतात. चोरट्या प्रती रोखायच्या असतात. कोणी आकडे बदलून फसवू नये हे पाहायचं असतं. खेळाच्या आत नाणी, पोशाख, गाड्या विकायच्या असतात आणि त्या विक्रीची वही कंपनीला स्वतःकडे हवी असते. यातलं एखादं कारण पटण्यासारखं असतं, एखादं नसतं. पण आपण विचारलंच नाही तर सगळी कारणं 'तुमच्या सोयीसाठी' या एकाच पांघरुणाखाली झाकली जातात. मुलाला गेम घेऊन देण्याआधी मी आता एवढंच विचारते: हा एकट्याने खेळायचा आहे का, आणि असेल तर याला तार कशाला हवी?

२. नेट नसणं हे रोजचंच आहे

माझ्या कामात एक तपासणी आम्ही कधी चुकवत नाही. प्रोग्रॅम चालू असताना नेट काढून घ्यायचं आणि काय होतं ते पाहायचं. चांगला प्रोग्रॅम तुमचं काम जपून ठेवतो, तार परत येण्याची वाट बघतो आणि दरम्यान जमेल तेवढं करू देतो. वाईट प्रोग्रॅम हातातलं टाकून देतो. ज्याने ही तपासणी केलेली नसते, त्याने स्वतःच्या कचेरीतलं नेट म्हणजेच जग असं गृहीत धरलेलं असतं.

मी साताऱ्यात वाढले. लाइट जाणं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. भारनियमनाच्या वर्षांत आमच्या नात्यातल्या गावांत दिवसाचे कितीतरी तास वीज नसायची. आजही सुट्टीत गेलो की घाटात रेंज जाते, माडीवर येते, न्हाणीपाशी पुन्हा जाते. अमेरिकेतही विमान आहे, डोंगरातली केबिन आहे, वसतिगृहातलं रडतखडत चालणारं वायफाय आहे, आणि आमच्याकडे हिमवादळ तर दरवर्षीचं आहे.

मे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला, तेव्हा त्या यंत्राने २४ तासांतून एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची असं ठरलं होतं. लोक खवळले. त्यात दूरवर तैनात असलेले सैनिक होते, खेड्यात राहणारे होते. महिनाही उलटला नाही तोच, १९ जूनला, कंपनीने ती अट मागे घेतली. तारेविना राहणारे लोक मोजकेच आहेत ही समजूत तेव्हा चुकीची ठरली. ती मला आजही चुकीचीच वाटते.

३. पहिल्या महिन्यात पैसे टाकू नयेत

१५ मे २०१२ रोजी 'डायब्लो ३' निघाला. संगणकावर तो एकट्याने खेळायचा असला तरी सर्व्हरवर लॉगिन करावं लागे. पहिल्याच दिवशी लाखो लोक दारात उभे राहिले आणि 'एरर ३७' हा आकडा जगभरच्या खेळाडूंना पाठ झाला. पुढच्या वर्षी, मार्च २०१३ मध्ये, 'सिमसिटी' आला. शहर बांधायचा शांत, एकट्याने रमायचा खेळ. त्याचे सर्व्हर इतके कोलमडले की ॲमेझॉनने त्याची डाउनलोड प्रत विकणं काही काळ थांबवलं आणि कंपनीने ग्राहकांना भरपाई म्हणून दुसरा एक गेम फुकट दिला. मार्च २०२२ मध्ये 'ग्रान टुरिस्मो ७' एका अपडेटनंतर तीसहून अधिक तास बंद राहिला. एकट्याने गाडी चालवायच्या बहुतेक भागालाही तेव्हा कुलूप होतं.

या तिन्ही कंपन्या मोठ्या होत्या, अनुभवी होत्या. तरीही एकाच वेळी सगळं जग दारात आलं किंवा एखादं अपडेट फसलं की दार अडतं. म्हणून आमच्या घरी एक नियम आहे: नवा गेम निघाल्यावर निदान महिनाभर थांबायचं. मुलगा लहान असताना या नियमावरून रुसायचा. आता तोच मित्रांना हा नियम सांगतो.

४. 'शक्यच नाही' हे शेवटचं उत्तर नसतं

'सिमसिटी'च्या वेळी सांगितलं गेलं होतं की खेळाचं बरंच गणित सर्व्हरवर होतं, त्यामुळे इंटरनेटविना खेळ चालवणं फार अवघड आहे. काही दिवसांतच एका हौशी प्रोग्रॅमरने खेळात फेरफार करून तो तारेविना चालताना दाखवला. वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, कंपनीनेच अपडेट देऊन एकट्याने, इंटरनेटविना खेळायची सोय केली. काम अवघड असेलही, पण ते झालं.

'ग्रान टुरिस्मो स्पोर्ट'चे सर्व्हर ३१ जानेवारी २०२४ ला बंद झाले. त्याआधी कंपनीने बदल करून ठेवला होता, त्यामुळे बराचसा खेळ पुढेही एकट्याने खेळता येतो आणि प्रगती घरच्या यंत्रातच जपली जाते. भाड्याचं घर सोडताना कोणी नीट आवरून, किल्ली हातात देऊन जातं, तसं हे होतं. मला ते फार आवडलं.

माझ्या धंद्यातला अनुभवही हेच सांगतो. 'होणार नाही' असं इंजिनिअर म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याला म्हणायचं असतं, 'त्यासाठी वेळ आणि पैसा कोणी मंजूर केलेला नाही.' मंजुरी मिळाली की मार्ग निघतो. आणि मंजुरी मिळते ती लोक मागत राहिले तरच.

५. 'विकत घ्या' या बटणाचा अर्थ समजून घ्यावा

डिसेंबर २०१४ मध्ये युबिसॉफ्टने 'द क्रू' हा गाड्यांचा गेम काढला. त्यात अख्ख्या अमेरिकेचा आटोपशीर नकाशा होता. न्यूयॉर्कहून निघून लॉस एंजेलिसला जावं, वाटेत वाळवंट लागावं, बर्फ लागावा. रस्त्यावर तुम्ही एकटे असलात तरी सर्व्हर मात्र लागायचाच. ३१ मार्च २०२४ रोजी तो सर्व्हर बंद झाला आणि सगळा नकाशा एका रात्रीत गेला. त्यानंतर लोकांच्या खात्यांतून त्या गेमचा परवानाही काढून घेतला गेला. ज्यांच्याकडे दुकानातून आणलेली डिस्क होती, त्यांच्याकडे डब्यासकट फक्त प्लास्टिकची चकती उरली.

आपण बटण दाबतो तेव्हा आपल्या हातात वस्तू येत नाही, वापरायचा परवाना येतो. हे कराराच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि ते कोणी वाचत नाही. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये याविषयी कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे परवाना देताना 'विकत घ्या' असे शब्द वापरायचे असतील, तर हा फक्त परवाना आहे, हे ग्राहकाला आधी स्पष्ट सांगावं लागतं. कायमचं उतरवून घेऊन इंटरनेटविना वापरता येईल अशा मालाला ती सक्ती नाही. म्हणजे घरात आलेली वस्तू आणि सर्व्हरवरून उसनी मिळालेली वस्तू यांतला फरक कायद्यानेही मानला.

श्रूजबरीत राहून मला मालकी या शब्दाचा एक वेगळा अर्थ कळला. इथलं वीज आणि केबलचं खातं गावाच्याच मालकीचं आहे, आणि वीज खातं तर शंभराहून अधिक वर्षं जुनं आहे. एखाद्या तारेबद्दल काही विचारायचं असेल तर विचारायची जागा गावातच आहे. ज्या वस्तूवर आपली मालकी असते, तिच्याबद्दल विचारायला जागा असते. माझ्या मुलाच्या प्रश्नाला त्या रात्री अशी जागाच नव्हती.

६. सगळ्यात मोठं नुकसान गुपचूप होतं

या सगळ्यातली मला सर्वांत लागलेली गोष्ट माझ्या आईची आहे.

२०१८ च्या हिवाळ्यात ती सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. साताऱ्याच्या घरामागे तिची बाग आहे: जास्वंद, तगर, अबोली, कोपऱ्यात प्राजक्त. इथे खिडकीतून नजर जाईल तिथवर बर्फ. क्विनसिगामंड तळं गोठून पांढरं झालेलं. आम्ही कामावर, नातू शाळेत. तिचा दिवस सरता सरत नसे. तेव्हा नातवाने तिच्या टॅबवर एक बागेचा गेम टाकून दिला. बी पेरायचं, पाणी घालायचं, कळी धरली की वाट बघायची. ना कोणाशी स्पर्धा, ना कोणी सोबत. तिने पंधरा दिवसांत वाफे आखले. जेवण झाल्यावर पदराला हात पुसत म्हणायची, "जरा पाणी घालून येते," आणि सोफ्यावर जाऊन बसायची.

टॅब ती साताऱ्याला घेऊन गेली. पुढे टाळेबंदीत, घराबाहेर पडायची बंदी असताना, त्या बागेने तिला पुष्कळ आधार दिला. फोनवर ती मला दोन्ही बागांची खबर द्यायची, खऱ्या बागेची आणि टॅबमधल्याही.

मग एक दिवस पडद्यावर इंग्रजीतली सूचना यायला लागली. तिला वाटलं, जाहिरात असेल. ती बाजूला सारत राहिली. अमुक तारखेपासून सेवा बंद होणार, असं त्यात लिहिलेलं होतं. त्या तारखेनंतर बाग उघडली नाही. तिने मला फोन केला. आवाज खाली आलेला होता. "अगं, माझ्याकडून काही भलतंच दाबलं गेलं का? सगळी झाडं गेली."

तिला राग आला नव्हता. तिने स्वतःचीच चूक शोधली होती. जाणकार खेळाडू तक्रार करतात, लिहितात, भांडतात, त्यांचा आवाज कुठेतरी पोचतो. पण ज्यांना सर्व्हर हा शब्दच माहीत नाही, अशी किती म्हातारी माणसं, किती लहान मुलं आपल्याच बोटाला दोष देऊन गप्प बसत असतील! त्या बागेला दुसऱ्या कोणाचीही गरज नव्हती. ती टॅबमध्ये राहू शकली असती.

७. हातात असतं तेच टिकतं

आमच्या गावात साउथ स्ट्रीटवर एके काळी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचं मोठं केंद्र होतं. माहिती साठवायच्या डिस्कचं काम तिथे चाले. १९९४ साली तो विभाग क्वांटम कंपनीकडे गेला आणि आज ती वास्तू मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय संस्थेकडे आहे. त्या रस्त्याने जाताना मला वाटतं, माणसाची माहिती माणसाच्या घरात राहावी यासाठी लागणारी वस्तू आपल्याच गावात घडत होती.

याच डिजिटल कंपनीच्या पीडीपी-१ या संगणकावर १९६२ साली एमआयटीतल्या तरुणांनी 'स्पेसवॉर' हा गेम लिहिला. कॅलिफोर्नियातल्या संगणक इतिहास संग्रहालयात दुरुस्त करून ठेवलेल्या पीडीपी-१ वर तो आजही चालतो. एमआयटीतच, पीडीपी-१० वर, १९७७ साली 'झॉर्क' हा शब्दांचा खेळ सुरू झाला. पुढे इन्फोकॉम कंपनीने तो घरोघरी पोचवला. तोही आज कुठल्याही संगणकावर खेळता येतो. मॅसॅच्युसेट्समधल्याच टर्बाइन कंपनीचा १९९९ मध्ये निघालेला 'ॲशरन्स कॉल' मात्र सर्व्हरवरचा. ३१ जानेवारी २०१७ ला तो बंद झाला. चाहत्यांनी पुढे चिकाटीने स्वतःचे सर्व्हर उभे केले म्हणून त्याची आठवण तरी जिवंत आहे.

आपल्याकडचं उदाहरण 'क्रिकेट ०७'चं. तो निघाला तेव्हा आयपीएल जन्माला यायची होती. त्यानंतर तो काढणाऱ्या कंपनीने संगणकासाठी दुसरा क्रिकेट गेम काढला नाही. पण आपल्याकडच्या पोरांनी वर्षानुवर्षं त्यात नवे संघ, नवे गणवेश, आयपीएलचे खेळाडू भरले आणि तो ताजा ठेवला. हे होऊ शकलं, कारण गेम त्यांच्या संगणकात होता आणि दूरवरून त्याचा दिवा मालवणारं कोणी नव्हतं.

व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. ही बहुतेक सीडी-कॅसेटच्या काळातली अवस्था आहे. ते गेम निदान कोणाच्या तरी माळ्यावर सापडू शकतात. आजचे सर्व्हरवाले गेम उद्या कुठल्या माळ्यावर शोधणार?

८. पलीकडची बाजूही ऐकावी

माझा मुलगा पुढे सॉफ्टवेअर शिकला. शेजारच्या वूस्टरमधल्या पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये गेम घडवण्याचा अभ्यासक्रम २००५ पासून आहे. तिथे शिकलेले काही जण त्याचे मित्र. ते घरी आले की माझी त्यांच्याशी चांगलीच चर्चा होते. त्यांच्याकडून मला बरंच कळलं.

सर्व्हरला भाडं लागतं, राखण लागते. जुन्या सर्व्हरमधली भोकं बुजवली नाहीत तर खेळाडूंची माहिती चोरीला जाऊ शकते. दहा जण मिळून खेळत असतील तर कोणीतरी तटस्थ पंच हवा, नाहीतर जो आकडे बदलेल तोच जिंकेल. खेळात वापरलेलं संगीत, गाड्यांची नावं, खेळाडूंचे चेहरे यांचे करार मुदतीचे असतात. वर्षानुवर्षं राबून केलेला गेम पहिल्याच दिवशी फुकट वाटला गेला तर वीस जणांच्या छोट्या कंपनीचे पगार थांबतात. हे सगळं खरं आहे, आणि आमच्या पिढीने पायरेटेड सीड्या किती बिनदिक्कत वापरल्या, हे मी विसरलेली नाही.

तरीही माझी रेघ मी सोडत नाही. कबड्डीला समोर दुसरा संघ लागतोच, पंचही लागतो. पण एकट्याने पत्त्यांचा डाव लावायला दूरच्या कोणाची परवानगी का लागावी? सोबतीने खेळायच्या खेळाला तार जरूर असू दे. एकट्याच्या खेळाला ती सक्तीने बांधू नये, आणि दुकान बंद करायची वेळ आली तर गिऱ्हाइकाची वस्तू त्याच्या हातात देऊन मग कुलूप लावावं. आमच्या घरी आलेल्या त्या मुलांपैकी बहुतेकांना हे पटतं. आपण केलेला गेम वीस वर्षांनी कोणीतरी खेळावा, असं त्यांनाही वाटतं.

९. नीट तक्रार करावी, आणि घरची तयारीही करावी

'द क्रू' बंद झाल्यावर रॉस स्कॉट नावाच्या खेळाडूने २०२४ मध्ये 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ सुरू केली. सर्व्हर कायमचे चालवा, असं त्यांचं म्हणणं नाही. बंद करताना गेम खेळण्याजोगा ठेवून जा, एवढीच मागणी आहे. युरोपीय संघात नागरिकांना कायद्याची मागणी करायची असेल तर वर्षभरात १० लाख सह्या लागतात. जुलै २०२५ मध्ये तो आकडा पार झाला. ब्रिटनच्या संसदेकडे केलेल्या अर्जावरही लाखाहून अधिक सह्या झाल्या. ज्याला आजवर पोरखेळ म्हणून हसण्यावारी नेलं जाई, तो विषय ग्राहकाच्या हक्काचा म्हणून कायदे करणाऱ्यांसमोर आला.

मी तक्रार लिहिते तेव्हा चार गोष्टी लिहिते: काय घेतलं, कधी घेतलं, नेट नसताना नेमकं काय झालं आणि मला काय हवं आहे. पलीकडे उत्तर देणारा माणूस पगारी नोकर असतो, नियम त्याने केलेले नसतात. म्हणून त्याच्यावर ओरडत नाही. मुद्दा मात्र सोडत नाही.

आणि घरची तयारी अशी: स्टीम या ऑनलाइन दुकानातून गेम घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. म्हणून गेम बसवला की पहिल्या अर्ध्या तासातच वायफाय बंद करून तो उघडून बघायचा. उघडला नाही तर परत. जीओजीसारख्या दुकानात गेमची फाइल पूर्ण उतरवून घेता येते आणि पुढे तो बसवायला कोणाला विचारावं लागत नाही. अशा फाइल्स आम्ही वेगळ्या डिस्कवर ठेवतो, आणि त्या डिस्कवर चिकटपट्टी लावून मराठीत लिहिलं आहे: वादळासाठी.

आता आईच्या बागेचं सांगते. बाग गेली तेव्हा नातू कॉलेजात होता. त्याने आजीला काही सांगितलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो संध्याकाळी बसून काहीतरी लिहीत असे आणि मधूनच साताऱ्याला फोन लावी. "आजी, अबोलीचा वाफा डावीकडे होता की उजवीकडे? प्राजक्त किती वाजता सडा टाकतो?" आजीला वाटे, नातवाला झाडांची गोडी लागली.

त्याने लिहिलेली बाग अगदी साधी आहे. सहा प्रकारची झाडं, एक विहीर, एक झारी. फुलं टॅबच्या घड्याळाप्रमाणे उमलतात. सूचना मराठीत आहेत. खातं नाही, लॉगिन नाही, दुकान नाही. त्याने ती तपासायला मला दिली तेव्हा मी सगळ्यात आधी विमान मोड लावला. मग टॅब बंद करून सुरू केला. मग तारीख पुढे-मागे करून पाहिली. बाग उघडत राहिली. इतक्या वर्षांच्या नोकरीत एखादी तपासणी करताना माझे डोळे पहिल्यांदाच भरून आले.

पुढच्या खेपेला साताऱ्याला गेलो तेव्हा टॅब आईच्या हातात दिला. गेल्या पावसाळ्यात मी एकदा फोन केला तर ती घाईत होती. म्हणाली, "दुपारपासून लाइट गेलीय गं. टॅबची बॅटरी आहे तोवर पाणी घालून घेते, मग बोलू."